ऋणमुक्ती आणि द्राक्षमळ्यातील मजूर

शिक्षणासाठी काढलेले कर्ज शासनाने माफ करावे काय, हा प्रश्न अमेरिकेत गेली काही वर्षे दोन राजकीय पक्षांच्या झगड्याचा विषय झाला आहे. आम्हांला तो मुळात नीतीचा प्रश्न वाटतो, आणि म्हणूनच तो सातासमुद्रापलीकडचा असला तरी त्याकडे थोडे थांबून पाहावेसे वाटते.

१९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली, तीही टेक्सासमधील ज्या महाविद्यालयात ते स्वतः शिकले होते तेथे जाऊन. पैशावाचून कोणाचे शिक्षण अडू नये हा त्यामागील हेतू होता. त्यासाठी साहाय्यवृत्तींबरोबर सरकारी हमीच्या कर्जाचीही सोय करण्यात आली. हेतू उदात्त होता यात शंका नाही. परंतु पुढे राज्य सरकारांनी हात आखडता घेतला, शुल्क चढत गेले आणि अनुदानाची जागा हळूहळू कर्जाने व्यापली. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठात १९७६ पर्यंत शहरातील विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क नव्हते, हे आज सांगूनही कोणाला खरे वाटणार नाही. आता चार कोटींहून अधिक अमेरिकनांच्या डोक्यावर केंद्र सरकारचे सुमारे १.६ लाख कोटी डॉलर कर्ज आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी ठरावीक उत्पन्नाखालील कर्जदारांना १० हजार डॉलर, आणि गरीब विद्यार्थ्यांसाठीचे सरकारी अनुदान ज्यांना मिळाले होते त्यांना २० हजार डॉलरपर्यंत माफी जाहीर केली. ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द ठरविली. एवढा मोठा खर्च करण्याचा अधिकार संसदेने शासनाला दिलेलाच नाही, असे बहुमताचे म्हणणे होते.

डेमोक्रॅटिक पक्षाची भूमिका अशी की, शिकलेल्या माणसाचा लाभ साऱ्या समाजाला होतो, तेव्हा त्याचा भारही समाजाने उचलावा. रिपब्लिकन पक्ष विचारतो की, कर्ज समजूनउमजून घेतले, मग ज्याने महाविद्यालयाची पायरीही चढली नाही त्या ट्रकचालकाने ते का फेडावे? दोन्ही प्रश्न खोटे नाहीत. प्रौढ अमेरिकनांपैकी पदवीधर दहांत सुमारे चारच आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे दुसऱ्या प्रश्नाची धार कळते.

आणि पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी कर्ज फेडले, त्यांची कुरकुर? येथे द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आठवणे साहजिक आहे. पहाटेपासून राबलेल्यांना शेवटच्या घटकेस आलेल्यांइतकीच मजुरी मिळाली आणि ते कुरकुरले. प्रभू येशूने त्यांच्या असूयेवर बोट ठेवले. परंतु त्या दाखल्यातील धन्याने आपल्या कनवटीचा पैसा दिला होता; सरकारी तिजोरी कोणा एका धन्याची नव्हे. तेव्हा हा दाखला येथे जसाच्या तसा लावता येणार नाही, असे आमचे मत आहे. (आपल्या महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या कर्जमाफीच्या वेळी हीच कुरकुर ऐकू आली, आणि २०१९ च्या योजनेला जोडून नियमित फेड करणाऱ्यांना ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन द्यावे लागले. पहाटेच्या मजुरांची समजूत सरकारने पैशांनी काढली म्हणायची!)

आम्हांला अधिक जवळचा वाटतो तो जुन्या करारातील अनुवाद पुस्तकाचा पंधरावा अध्याय. दर सातव्या वर्षी देणेकऱ्याला सोडावे असा नियम तेथे आहे. सातवे वर्ष जवळ आले की सावकार हात आखडील, हेही नियम करणाऱ्याने ओळखले होते आणि त्याविरुद्ध बजावले होते. ही सोडवणूक कोणा राजाच्या मर्जीने, मनात येईल तेव्हा, होणारी नव्हती. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला ती आधीपासून ठाऊक असे.

आजच्या कायद्यात असा दरवाजा म्हणजे दिवाळखोरी. व्यापार बुडालेल्याला अमेरिकेचे न्यायालय मोकळे करते. विद्यार्थ्यासाठी मात्र तो दरवाजा १९७६ पासून अरुंद होत गेला. १९९८ मध्ये सरकारी कर्जांना आणि २००५ मध्ये खासगी कर्जांनाही तो जवळजवळ लावून घेण्यात आला. असह्य हलाखी सिद्ध केल्यावाचून सुटका नाही. सट्ट्यात बुडालेला पुन्हा उभा राहू शकतो आणि शिक्षिका होण्यासाठी कर्ज काढणारी मुलगी नाही, या न्यायाचे समर्थन आम्हांला कोणत्याच पक्षाच्या भूमिकेत सापडत नाही. सरसकट माफीपेक्षा हा दरवाजा उघडणे आम्हांला अधिक न्याय्य वाटते, मग ते मतपेटीला आकर्षक नसले तरी चालेल.

२०२५ च्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासूनच्या पदव्युत्तर कर्जांना मर्यादा घातली: सर्वसाधारण अभ्यासक्रमांना एकूण १ लाख डॉलर, वैद्यकीसारख्यांना २ लाख. शुल्क उतरेल असे समर्थक म्हणतात. गरीब मुले खासगी सावकारांकडे वळतील असे विरोधक. आम्हांला दुसरी भीती अधिक खरी वाटते.

आपल्याकडे २००१ च्या आदर्श कर्जयोजनेत ४ लाख रुपयांपर्यंत तारण मागितले जात नाही, परंतु आईवडिलांना सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. शिकत असता हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. तिकडे कर्ज बहुतांशी विद्यार्थ्याचे असते. इकडे ते साऱ्या घराचे असते, आणि मुलाला नोकरी लागो वा न लागो, हप्ता चुकला की बँकेचे पत्र वडिलांच्याही नावे येते.