बोजा

२०२० चा जून महिना. टाळेबंदीनं बाजार बंद होते. टोमॅटोला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून आठ क्रेट बांधावर ओतून मी ओसरीवर टेकलो होतो. तेवढ्यात पुतण्याचा फोन आला, तोंड दिसणारा. तो २०१२ पासून विलायतेत नोकरीला आहे, ब्रिस्टल नावाच्या गावात.

"काका, इथं लोकांनी एक पुतळा दोर लावून पाडला आणि ओढत नेऊन बंदरात ढकलून दिला."

"कुणाचा?"

"कोल्स्टन म्हणून एक व्यापारी होता. १७२१ साली मेला. आफ्रिकेतून माणसं जहाजात भरून विकायच्या धंद्यात होता. त्या पैशातून गावात शाळा बांधल्या, दानधर्म केला, म्हणून १८९५ साली त्याचा पुतळा उभा केला होता."

मला हसू आलं. म्हटलं, "अरे, तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाशी कसलं भांडण? इकडं माल मातीत चाललाय आणि तुमच्याकडं मढी उकरायचं काम."

हे मी एकटाच म्हणत नाही. आमच्या पारावरही गोरे-काळे, इंग्रजांचं राज्य असं काही बोलणं निघालं की कुणीतरी म्हणतंच, "जाऊ द्या हो. झालं ते झालं. त्यानं काय पोट भरतंय का?" मलाही तेच खरं वाटायचं.

पुतण्या पुढं म्हणाला, "काका, १८३३ साली इंग्रज सरकारनं गुलामी बंद करायचा कायदा केला. तेव्हा दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. कुणाला सांगा?"

"गुलामांना. अजून कुणाला?"

"नाही. मालकांना. गुलामांना एक दमडी नाही, उलट बऱ्याच जणांना आणखी काही वर्षं फुकट राबवलं. मालकांना द्यायला सरकारनं कर्ज काढलं आणि ते पुरतं फिटलं २०१५ साली. म्हणजे पहिली तीन वर्षं माझ्या पगारातून जो कर कापला, त्यातलाही काही तिकडं गेला."

मी गप्पच बसलो. कर्जाची भाषा शेतकऱ्याला लगेच कळते. जे कर्ज २०१५ पर्यंत फिटत होतं, ते प्रकरण जुनं कसं म्हणायचं?

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "इथं दुकानात गेलो ना काका, की कधी कधी राखणदार मागंमागं फिरतो. गोऱ्या माणसामागं नाही फिरत. अंगावर चांगले कपडे असले तरी."

माझं डोकंच फिरलं. आमचं पोरगं शिकलेलं, कुणाच्या काडीला हात न लावणारं. मी तोंडाला येईल ते बोललो त्या राखणदाराला. घरातून मंडळींनी ऐकलं. गहू निवडता निवडता ती एवढंच म्हणाली, "आन् पालावरची बाई दुकानात आली की आपण काय करतो?"

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. कारण मला मोटर आठवली.

१९९३ चा उन्हाळा होता. माझ्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर रात्रीतून चोरीला गेली. ऊस वाळायला लागला होता. सकाळी हवालदार आले आणि म्हणाले, "कुणावर संशय?" मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, "माळावर पारध्यांची पालं आहेत. तिकडं बघा." पाहिलं काहीच नव्हतं. ऐकलंही नव्हतं. माझ्या तोंडातून ते असं निघालं, जसं पाऊस कुठून येतो विचारल्यावर माणूस हात करतो.

त्यांनी पालावरचा एक गडी उचलला. तो आमच्याच रानात खुरपायला, कणसं मोडायला यायचा. चार दिवस ठेवला. पाचव्या दिवशी सोडला तेव्हा बायको आणि भाऊ दोन्हीकडून धरून त्याला चालवत होते. मी बांधावरून बघितलं आणि बघून दारं धरायला लागलो.

महिन्याभरानं मोटर सापडली, तालुक्याच्या गावात एका मोटार रिवायंडिंगच्या दुकानात. विकणारा निघाला आमच्याच भावकीतला, चांगल्या बागायतदाराचा मुलगा. ते प्रकरण आम्ही चार माणसांत बसून मिटवलं. पोरगं आहे, चुकलं, आयुष्याचं नुकसान नको. त्याच्यावर फिर्याद झाली नाही की त्याला कुणी बोट लावलं नाही.

आणि पालावर मी कधी गेलो नाही. "माझं चुकलं" एवढे दोन शब्द सांगायला माळ काही लांब नव्हता. पाऊण किलोमीटर असेल.

त्या फोननंतर मी थोडं वाचायला घेतलं. शिक्षण दहावीपर्यंतच, पण तालुक्याच्या वाचनालयाचं कार्ड आहे. त्यातून कळलं ते असं. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेकडं लागू केला आणि १९११ साली सगळ्या ब्रिटिश मुलखासाठी. सुताराचा पोरगा सुतार होतो तसा चोराचा पोरगा चोरच होणार, असा त्या साहेबांचा हिशेब. एकदा जमात त्या यादीत बसली की माणसानं काही केलेलं असो वा नसो, पोलिसांकडं नोंद, हजेरी आणि गाव सोडायचं तर पास. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत केली. त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. आपण १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झालो. हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून त्या लोकांना विमुक्त म्हणतात. त्यांची सुटका आपल्यानंतर पाच वर्षांनी झाली.

आता आमचं बघा. इंग्रजांनी शेतकऱ्याला सुखात ठेवलं असं कुणी म्हणणार नाही. अमेरिकेत यादवी होती तेव्हा कापसाला भाव आला, ती संपल्यावर भाव पडला, वर सारा वाढवला आणि कुणबी सावकाराच्या घशात गेला. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते उगाच नाही. पण त्यानंतर काय झालं? सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, सावकाराला थोडा तरी लगाम घातला. दंगा आम्ही केला, आणि तरी आम्हाला "गांजलेला शेतकरी" म्हटलं. पारध्याला मात्र जन्मतःच चोर म्हटलं. सरकार तेच, दशकही तेच. आमच्या जमिनी मोजून नावावर लावल्या. शिकारीवर जगणाऱ्याच्या नावावर काहीच लागलं नाही, आणि १८७८ च्या कायद्यानं जंगलही सरकारच्या कुंपणात गेलं.

आणि सगळं खापर इंग्रजांवर फोडून मोकळं होता येत नाही. त्यांचा तो हिशेब आम्हाला इतका चटकन पटला, कारण जन्मावरून माणूस ठरवायची सवय आम्हाला त्यांच्या आधीपासूनच होती. साहेबानं फक्त तिला शिक्का आणि रजिस्टर दिलं. साहेब गेला, कायदा गेला. १९९३ साली तो शिक्का माझ्या जिभेवर होता.

मग प्रश्न येतो, आणि तो खोटा नाही: आजोबा-पणजोबांच्या वेळच्या गोष्टीला मी का जबाबदार? ब्रिस्टलचा गोरा पोरगाही हेच विचारत असेल.

त्यावर मला माझीच एक गोष्ट आठवते. वडील १९८८ साली वारले. वारस नोंद लागली, सातबाऱ्यावर माझं नाव आलं. उतारा हातात घेतला तर इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा. वडिलांनी पाइपलाइनसाठी कर्ज काढलेलं. मी सेक्रेटरीला म्हटलं, "मी कुठं काढलं?" तो हसला. "जमीन तू घेतलीस ना? पाणी त्याच पाइपातून घेतोस ना? मग बोजा कुणी घ्यायचा?"

त्यानं मला कर्जबुडव्या म्हटलं नाही. वडिलांनाही नाव ठेवलं नाही. फक्त एवढंच की, रान हवं असेल तर त्यावरचा बोजा वाचता आला पाहिजे. हे लोक आज गोऱ्यांच्या राज्याबद्दल, जन्मानं मिळालेल्या मोठेपणाबद्दल बोलतात, ते मला आता उतारा मागण्यासारखं वाटतं. काही जण नुसता आरडाओरडा करतात, काही मतांसाठी करतात. ते असू द्या. खोटे वारसदार पुढं आले म्हणून उतारा खोटा होत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक पंचविशीतला मुलगा दारात आला. त्याच गड्याचा धाकटा. बाप केव्हाच वारला. मुलगा आश्रमशाळेत शिकला, पुढं पदवी घेतली. जातीचा दाखला अडला होता. १९५० च्या आधी घराणं इथलंच असल्याचा पुरावा मागत होते.

माझ्या ट्रंकेत पणजोबांपासूनचे कागद आहेत. पावत्या, फेरफार, शाळेचा दाखला. त्याच्या आजाचा जन्म पालात झालेला. नावावर जमीन नाही, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. "आज्याचं नाव सरकारी कागदावर असलंच तर पोलिसांच्या हजेरीतच असंल, अण्णा," तो म्हणाला. "तुम्ही जुने. स्थानिक चौकशीत जबाब द्याल का, आम्ही इथलेच म्हणून?"

मी हो म्हटलं. मग राहवेना. म्हटलं, "बाळा, ९३ साली मोटर गेली तेव्हा…"

"आईनं सांगितलंय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "म्हणूनच तुमच्याकडं आलो. तवा तुम्हाला आमचं पाल कुठंय ते बरोबर माहीत होतं."

जबाब मी दिला. दाखल्याचं काम पुढं कचेऱ्यांतून चालू राहिलं. त्याच आठवड्यात पाऊण किलोमीटर चालत माळावर गेलो. त्याची आई आता थकली आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही. मी नाव सांगितलं आणि जे तीस वर्षांपूर्वी बोलायचं होतं ते बोललो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग नातीला म्हणाली, "पाणी दे त्यास्नी."

मी पाणी प्यालो. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. बोजा एका हप्त्यानं उतरत नाही, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला लागत नाही.