उडी कोणी मारायची?

आत्याबाईंनी जाकीट घालायला नकार दिला, तेव्हा आमच्यामागे तीसेक माणसं रांगेत उभी होती.

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले, पूर्णेकाठचे. पैनगंगा आमच्याच जिल्ह्यात उगम पावते, पण समुद्र म्हणाल तर तो आम्ही पोथीत वाचलेला आणि मुंबईला गेल्यावर चौपाटीवरून पाहिलेला. अशा घरातली अठ्ठ्याहत्तर वर्षांची माळकरी बाई लक्षद्वीपच्या जहाजावर कशी पोचली, हे सांगत बसत नाही. नातवाला नोकरी लागली, पहिल्या पगारातून त्याने तिकिटं काढली आणि कोणाला नाही म्हणवलं नाही, एवढंच. जहाजावर दोन दिवस आत्याबाईंनी एकादशीसारखे काढले. केळी, दूध, शेंगदाणे. पहाटे डेकवर हरिपाठ.

त्या बेटांची रचना अशी की भोवती प्रवाळाचं कडं असतं आणि आत उथळ पाणी. मोठं जहाज कड्याच्या बाहेरच थांबतं. मग जहाजाच्या कुशीतलं, पाण्याच्या जरा वर असलेलं एक दार उघडतात आणि लहान होडी त्याला येऊन भिडते. जहाज जवळपास स्थिर, होडी मात्र लाटेबरोबर हात-दीड हात वर-खाली. दारात एक खलाशी, होडीत दुसरा. होडी वर आली की ते मनगट धरतात आणि ‘आता’ म्हणतात. तेव्हाच पाऊल टाकायचं. उडी मारायची नाही, हातात पिशवी ठेवायची नाही, आधी-नंतर करायचं नाही. आपल्या कोकणातही पूर्वी अशीच रीत होती. हर्णैसारख्या बंदरात आगबोट धक्क्याला लागत नसे, दूर उभी राही आणि पडावातून माणसं काठाला आणत. पोटातल्या बाळापासून तिरडीला टेकलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्या पडावात उतरले.

तर जाकीट. आत्याबाई म्हणाल्या, “माह्या गळ्यात माळ हाये. पांडुरंगानं मले आजपावतर बुडू देलं नाही, आता काऊन बुडवीन?” मी समजावू लागलो तर त्यांचं पुढचं उत्तर तयार होतं. “तुकोबाची गाथा तेरा दिवस पाण्यात होती. तिनं काय जाकीट घातलं होतं?”

रांगेतले हसले. मलाही हसू आलं आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. म्हातारीचा भाव पाहा, असं काहीसं. त्या भरात मी खलाशाला म्हणालो, राहू द्या, वय झालं आहे, पाच मिनिटांचा तर प्रवास आहे. तो पंचविशीतला, तिथल्याच बेटावरचा मुसलमान पोरगा होता. मोडक्या हिंदीत, आवाज न चढवता तो म्हणाला, “आजी पडल्या तर मला उडी मारावी लागेल. जाकीट असेल तर त्या तरंगतील आणि मला नुसतं ओढून घ्यायचं. नसेल तर त्या मला धरून खाली नेतील. मला दोन वर्षांची मुलगी आहे.”

मी ते आत्याबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी त्या पोराकडे पाहिलं. मग काही न बोलता माळ जाकिटात दबू नये म्हणून ओढून बाहेर काढली आणि दोन्ही हात लहान मुलासारखे पसरून उभ्या राहिल्या. त्यानेच पट्टे आवळले, त्यानेच मनगट धरलं. होडी वर आली, पाऊल पडलं, झालं.

या प्रसंगावर मी पुष्कळ दिवस विचार करतो आहे. आपण ‘माझा भाव, माझा विश्वास’ असं म्हणतो तेव्हा तो आपल्यापुरता असतो, असं धरून चालतो. बुडालो तर मी बुडेन, त्यात दुसऱ्याचं काय गेलं? पण माणूस एकटा बुडत नाही. काठावर कोणी उभा असतो, त्याला पाहवत नाही, तो उतरतो. माझ्या निष्ठेची किंमत कुठल्या तरी परक्याच्या लेकीने चुकवायची, हे मला कुठल्याच संतांच्या शिकवणीत बसवता येत नाही. आत्याबाईंच्या गाथेच्या उत्तरावरही मला नंतर सुचलं ते हेच. गाथा पाण्यात होती तेव्हा तिच्यामागे कोणाला उडी टाकायला लागली नव्हती. तुकोबा काठावर स्वतःच उपाशी बसले होते. जो भार होता तो त्यांनी स्वतःच्या देहावर घेतला.

इथे शेगावचे वाचक मला श्री गजानन महाराजांची नर्मदेतली नौका आठवून देतील. दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायातली ही कथा घरोघरी पारायणात वाचली जाते. सोमवतीचं पर्व, ओंकारेश्वरला अफाट गर्दी, परतताना सडक टाळून मंडळी नावेत बसली, नाव खडकावर आपटली, तळाला भोक पडलं. सोबतचे गळाठले. महाराज शांत. आणि नर्मदा कोळणीच्या रूपात येऊन त्या भोकाला हात लावून नाव काठापर्यंत आणते. ही कथा ‘श्रद्धा असली की फुटकी नावही चालते’ अशी सांगितली जाते, ते मला पटत नाही. या यात्रेची हौस महाराजांना नव्हती. आग्रह मंडळींचा होता आणि नाव फुटल्यावर काकुळतीला आले तेही तेच. त्यांच्या धाडसाचं कौतुक कथेत कुठेच नाही. दुसरं असं की तिथेही चमत्कार हवेतून झाला नाही. कोणाचा तरी हात पाण्यात गेला, ओली झाली ती कोळीण. मी हल्ली तो अध्याय वाचताना महाराजांकडे पाहतो तसाच तिच्या हाताकडेही पाहतो.

आणि नावं काय तारणार? रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून निघाली आणि वाटेत कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढातली अमावास्या होती, लोक सणाला गावी निघाले होते. त्याआधी 1927च्या नोव्हेंबरात ‘तुकाराम’ नावाची बोट वादळात गेली. संतांची नावं रंगवलेल्या त्या बोटींत बसलेल्यांत माळकरी कमी असतील का? त्यांचा भाव कमी पडला, असं म्हणायला ज्याची जीभ रेटेल त्याच्याशी मला बोलायचं नाही. अलीकडचं सांगायचं तर 21 मे 2024 ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा अंत झाला. ते पाणी भीमेचं. तेच पुढे पंढरपुरात चंद्रकोरीसारखं वळतं आणि आपण त्यात डोकं बुडवून पावन होतो.

एक आक्षेप मात्र मी स्वतःच घेतो. मग निष्ठेला अर्थ काय उरला? सगळं जाकिटावरच सोपवायचं तर माळ कशाला? याचं नेमकं उत्तर माझ्याजवळ नाही, पण आत्याबाईंच्या त्या पावलाबद्दल एक सांगता येतं. जाकीट घालूनही ते पाऊल टाकणं सोपं नव्हतं. खाली काळंनिळं पाणी, होडी वर-खाली, आणि हात ज्याचा धरायचा त्याचं नावही ठाऊक नाही. जाकीट पडल्यानंतर कामाला येतं. पाऊल उचलताना त्याचा काही उपयोग नाही. तिथे जे लागतं ते आत्याबाईंकडे होतं, माझ्याकडे कमी होतं. माझा पाय दोनदा मागे आला.

बेटावर नारळीखाली बसल्यावर त्यांनी मला विचारलं, “त्या पोरानं उडी मारली असती. तू मारली असती का?”

मला पोहता येत नाही. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्या ते नाही इचारलं.”

मी नारळपाणी आणायला उठलो.

गेल्या आषाढीला आम्ही पंढरीत होतो. वाळवंटातून विष्णुपदाकडे होड्या सुटत होत्या. आमची होडी गच्च भरली, काठ पाण्याला टेकायला आला, तरी माणसं चढतच होती. आत्याबाईंनी बोट नाचवत डोकी मोजली, नावाड्याला विचारलं, “किती बसतात यात?” तो म्हणाला, “आजी, बसा हो, रोजचंच आहे.” त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि आम्ही दोघं खाली उतरलो. त्याचं नुकसान नको म्हणून दोघांचं भाडं त्यांनी त्याच्या हातावर ठेवलं. तो बावचळला, मग घेतलं.

आम्ही पायऱ्या चढून मागे वळून पाहिलं, तर आमच्या जागी तिघं चढली होती. एका बाईच्या कडेवर लेकरू होतं. आत्याबाई हाक मारायला लागल्या, पण टाळांच्या गजरात त्यांचा आवाज कोणाला जातो! होडी पैलतीराला लागेपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या, आणि मला सावलीत बसू दिलं नाही.