दुसऱ्याचें दुःख पाहण्याचा अधिकार

दुःख पाहिल्यानें मनुष्य दयाळू होतो, अशी आपली फार जुनी समजूत आहे. एक वृद्ध, एक रोगी आणि एक प्रेत दृष्टीस पडतांच सिद्धार्थाचें मन राज्यांत रमेना, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. आज आपण सकाळच्या चहाबरोबर याच्या शंभरपट पाहतों आणि चहांत साखर कमी पडली म्हणून कुरकुर करतों. मग ती समजूतच खोटी, कीं आपल्या पाहण्यांत कांहीं खोट आहे?

या प्रश्नाचा माग ज्या कलावंतानें चिकाटीनें घेतला, तो आल्फ्रेदो हार. १९५६ सालीं चिली देशांतील सांतियागो येथें जन्मलेला हा मनुष्य १९८२ पासून न्यूयॉर्कला राहतो. छायाचित्रें, चित्रफिती, दिवे आणि लिखित मजकूर यांचा मेळ घालून तो कलाकृति रचतो, आणि वृत्तपत्रें जगाचें चित्र कसें रंगवितात हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारें शंभर दिवसांत आफ्रिकेंतील रवांडा देशांत ८ लाखांच्या आसपास माणसें, बहुतेक तुत्सी जमातीचीं, मारलीं गेलीं. त्या काळांतल्या 'न्यूजवीक' या अमेरिकन साप्ताहिकाचीं १७ मुखपृष्ठें हारनें ओळीनें मांडलीं आणि त्या त्या वेळीं रवांडांत काय घडत होतें तें त्यांच्याखालीं थोडक्यांत लिहिलें. वर जॅकलिन केनेडी, वर ओ. जे. सिम्प्सन, खालीं प्रेतांची वाढती संख्या. रवांडा मुखपृष्ठावर आला तो १ ऑगस्टच्या अंकांत, संहार संपल्यावर.

परंतु मला अधिक विचार करावयास लावते ती त्याची १९९५ ची 'खरीं चित्रें' ही रचना. ऑगस्ट १९९४ मध्यें तो स्वतः रवांडांत गेला आणि पुष्कळ छायाचित्रें घेऊन परतला. त्यांतलीं निवडक त्यानें काळ्या पेट्यांत बंद करून ठेवलीं. पेट्यांचे ढीग थडग्यांसारखे रचलेले. चित्र कोणालाच दिसत नाहीं. झांकणावर मात्र आंत काय आहे तें अक्षरांत लिहिलेलें: माणूस कोण, स्थळ कोणतें, त्याच्यावर काय गुदरलें.

यावर सरळ आक्षेप असा कीं, लपविण्यानें गुन्हेगाराचेंच फावतें. आक्षेप क्षुल्लक नाहीं; पुष्कळ अन्याय चित्रांमुळेंच उघडकीस आले आहेत. परंतु रवांडाच्या बाबतींत जगाला माहिती नव्हती असें नाहीं. संहार चालू असतांना, २१ एप्रिल रोजीं, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनें तेथील आपली शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव केला. उणीव होती ती माहितीची नव्हे, आस्थेची.

ती आस्था कां उणी पडते, याचें उत्तर मला आपल्या साहित्यशास्त्रांत सांपडतें. करुणरसाचा आस्वाद निर्दोष कां, तर भट्टनायकाच्या मतें रंगभूमीवरील शोकाचें साधारणीकरण होतें. तो अमक्या एकाचा म्हणून राहत नाहीं. 'उत्तररामचरितां'तील सीतेसाठीं आपण रडतों आणि तृप्त होऊन घरीं येतों. त्यांत कोणाचा अपराध होत नाहीं, कारण त्या रडण्यांतून कोणाचें देणें मागें उरत नाहीं. वृत्तपत्रांतील चित्र हीच क्रिया जिवंत माणसावर करतें. जिचीं मुलें डोळ्यांदेखत मारलीं गेलीं ती बाई 'आफ्रिकेंतील एक निर्वासित' होते. तिच्या शोकानें आपण हळहळतों, आणि हळहळलों म्हणजे कर्तव्य झालें असें मानतों. नाटकांत जें निर्दोष, तेंच येथें सदोष ठरतें. हार हें साधारणीकरण उलटें फिरवितो. तो चेहरा झांकतो आणि नांव परत देतो. चित्रावरून नजर सहज घसरते. नांव वाचावयास थांबावें लागतें, आणि थांबलेल्या मनुष्याला 'मग तूं काय केलेंस?' असें विचारतां येतें.

हारच्या रचनाही अखेर संग्रहालयांतच मांडल्या जातात, आणि तेथूनही प्रेक्षक तृप्त होऊन घरीं जाऊं शकतो, हें मी नाकारीत नाहीं. कोणतीही कला आपल्या वतीनें दयाळू होऊं शकत नाहीं. दुसऱ्याचें दुःख पाहण्याचा आपणांस अधिकार आहे कीं नाहीं हें केवळ चित्रावर ठरत नाहीं. पाहिल्यानंतर आपण त्या माणसाचें कांहीं देणें लागतों असें मानतों कीं नाहीं, यावर तें ठरतें. सिद्धार्थानें तसें मानलें, म्हणून त्याला तीन दर्शनें पुरलीं.