शब्बाथ आणि भराव

मुक्ता : काका, त्या ग्रीक इतिहासकार अगाथार्किडीसचं चुकलं काय? इजिप्तचा पहिला टॉलेमी सैन्य घेऊन जेरुसलेमच्या वेशीवर, आणि आतली ज्यू माणसं शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, म्हणून हत्यारच उचलत नाहीत. शहर गेलं. त्याला तो खुळेपणा म्हणतो. मीही म्हणेन.

काका : ही टीका आपल्यापर्यंत आणली जोसीफसने, म्हणजे एका ज्यूनेच. वर विचारलंन, जिवापेक्षा धर्माचा नेम मोठा मानला तर हसण्यासारखं काय आहे त्यात?

मुक्ता : स्वतःच्या जिवापुरतं ठीक. तटाआड लेकरंही होती.

काका : ते त्यांनाही सुचलं. इ.स.पू. १६७च्या सुमारास रानात लपलेली हजारेक माणसं शब्बाथला हात न उचलता मारली गेली. तेव्हा ज्यूंच्या बंडाच्या म्होरक्याने, मत्तथियाने ठरवलं, अंगावर आले तर त्या दिवशीही लढायचं.

मुक्ता : म्हणजे ग्रीकाचंच म्हणणं मान्य केलं!

काका : अर्धं. इ.स.पू. ६३मध्ये रोमन सेनापती पॉम्पेने जेरुसलेमच्या मंदिराला वेढा घातला. ज्यूंचा शब्बाथचा नेम असा, कुणी वार केला तर उलटवायचा, पण शत्रू नुसती माती टाकत असेल तर त्याला अडवायचं नाही. रोमनांनी हे बरोबर हेरलं. शब्बाथला एकही बाण न सोडता तटाशी मातीचा भराव घालत राहिले.

मुक्ता : धड व्रत नाही, धड बचाव नाही!

काका : बाहेरून तसंच दिसतं. रोमन तत्त्वज्ञ सेनेका म्हणाला, सातवा दिवस रिकामा घालवणं म्हणजे आयुष्याचा सातवा हिस्सा फुकट. हाच गडी तरुणपणी वर्षभर मांसाहार सोडून होता बरं का. सम्राट टायबेरियसच्या राज्यात काही मांस वर्ज्य करणं ही परक्या पंथाची खूण धरली जायला लागली, वडिलांनी गळ घातली, आणि स्वारी पुन्हा मांसावर आली.

मुक्ता : म्हणून त्याचा हिशेब खोटा ठरत नाही. भित्र्याची बेरीजही बरोबर येऊ शकते.

काका : येते की. पण मोजलंन काय? न केलेलं काम. रोमन कवी पर्सियसही कुत्सितच, पण त्याला निदान शब्बाथचं घर दिसलं. तेलकट खिडकीत मांडलेले, व्हायोलेटची फुलं घातलेले, धूर ओकणारे दिवे आणि तांबड्या ताटलीत ट्यूना माशाची शेपटी.

मुक्ता : आणि त्या दिव्यांपायी भराव उभा राहू द्यायचा?

काका : मी नसता राहू दिला. खाली उतरून फावडी हिसकावली असती.

मुक्ता : मग तुम्ही अगाथार्किडीसच्याच बाजूचे.

काका : फावड्यापुरता. त्याच्याबरोबर हसणार नाही.

मुक्ता : हेही मत्तथियासारखं अर्धंच झालं की!