आजचं चिंतन : जनीचा लेखनिक

आज गंगाखेडहून लिहितोय. सकाळी गोदावरीवर जाऊन आलो, मग जनाबाईंच्या मंदिरात. जनाबाईंचं हे जन्मगाव, आणि माझ्या ताईचं सासर.

कथा तुम्हाला माहीत असेलच. जनी अभंग म्हणायची आणि पांडुरंग ते लिहून घ्यायचा. लहानपणी मला देव दळू लागायचा ती गोष्ट भारी वाटायची. आता ही लिहिण्याची वाटते. कारण माझा भाचा.

तिसरीत आहे. गणितं भराभर सोडवतो, पण बोलणं फार कष्टानं येतं. अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. शब्द मनात तयार असतो, पण जीभ-ओठ कोणत्या क्रमानं हलवायचे हे मेंदूला जुळवता येत नाही. म्हणून 'पाणी' एकदा नीट येतं, पुढच्या वेळी भलतंच. (लॉजिक बरोबर, आउटपुटला अडतंय, असं मी म्हणालो. ताईला हे उदाहरण अजिबात आवडलं नाही.)

काल जेवताना तो "भ... भ..." करत होता. मी लगेच "भात?" म्हणून वाढूनही मोकळा. त्यानं ताट सरकवलं, चित्रांचा तक्ता ओढला, शाळेवर बोट ठेवलं आणि मग रडक्या चेहऱ्यावर. भांडण झालं होतं वर्गात. मी भात वाढत होतो!

अडलेल्याचा शब्द आपण पुरा करायचा, ही सेवा की चोरी? पांडुरंगाला जनीपेक्षा चांगलं सुचलं नसतं का? पण त्यानं तिचंच लिहिलं, नाममुद्रा जनीचीच राहिली.

दवाखान्यात, दुकानात त्याच्या वतीनं बोलावं लागतंच. ताई आधी विचारते, "मी सांगू का?" आणि त्यानं मान हलवेपर्यंत थांबते. एवढाच फरक.

"तक्ता दिला तर पोरगं बोलायचंच नाही," असं शेजारीपाजारी म्हणतात. तसं होत नाही, अशा साधनांमुळे बोलणं थांबत नाही. आयआयटी मुंबईचं जेलो अ‍ॅप मराठीतही आहे. आणि शाळेत तक्ता चालू देणं ही मेहेरबानी नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच अशा पर्यायी साधनांना प्रोत्साहन द्यायला सांगितलंय.

आज नाश्त्याला पुन्हा "भ..." सुरू झालं. मी मनात विठ्ठल विठ्ठल म्हणत थांबलो. बरंच थांबावं लागलं, पोहे गार झाले.

भूक नव्हतीच. भिंगरी. पलंगाखाली गेली होती.

राम कृष्ण हरी.