प्रार्थना ऐकली गेली नाहीं काय?

माण तालुक्याच्या बाजूस एका खेड्यांत आमची एक लहानशी मंडळी आहे. कांहीं वर्षांपूर्वीं तेथील एका बहिणीचें मूल तापानें आजारी पडलें. मंडळीनें तीन रात्री तिच्या घरीं बसून प्रार्थना केली. मुलास दवाखान्यांतही नेलें. तथापि तें वांचलें नाहीं. मूठमाती दिल्यावर त्या बाईनें आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, देवानें ऐकलें कां नाहीं? माझा विश्वास उणा पडला काय?" आम्ही त्या समयीं थकलेले व गोंधळलेले होतों. "बाई, विश्वास अधिक दृढ करा," एवढेंच बोलून आम्ही परतलों.

तें उत्तर देण्यांत आम्हीं त्या माउलीवर मोठा अन्याय केला. आमच्या उपदेशक बंधूंच्या हातून असें होऊं नये, म्हणून ही गोष्ट येथें सांगत आहों.

मागितलें तें मिळालें तर विश्वास पुरा, आणि न मिळालें तर उणा, असें माप जर खरें असेल, तर तें प्रथम आपल्या प्रभूसच लावावें लागेल. गेथशेमाने बागेंत त्यानें प्याला टळावा म्हणून तीनदां विनंती केली, आणि तो टळला नाहीं. प्रेषित पौलानेंही आपल्या देहांतील कांटा निघावा म्हणून तीनदां मागणें केलें, आणि तो निघाला नाहीं. मात्र त्यास पुरेल इतकी कृपा मिळाली. यांचा विश्वास उणा होता असें म्हणण्यास कोण धजेल? वाचकहो, हें माप दुहेरी घातक आहे. ज्याचें मूल बरें झालें त्यास तें गर्विष्ठ करितें, आणि ज्याचें गेलें त्याच्या दुःखावर दोषाचा धोंडा ठेवितें. ईयोबाच्या मित्रांनीं हेंच केलें, व देवानें त्यांस दोष दिला.

यावर कोणी विचारील, "देवबापाला आमची गरज आधींच ठाऊक आहे, आणि तो आपल्या इच्छेप्रमाणें करणार, तर मागावें तरी कशाला?" आठवड्याच्या बाजाराहून बाप परत येतो, तेव्हां लेंकराला काय हवें हें त्यास ठाऊकच असतें. तरी लेंकरूं दारांत धांवत येऊन हात पुढें करितें, आणि बापाला त्यांतच आनंद होतो. ज्या घरांत मुलें बापाशीं बोलतच नाहींत, त्या घरीं कणगी भरलेली असली तरी नातें रितेंच असतें. मागण्यानें देवाला नवी माहिती मिळत नाहीं; आपण त्याच्याजवळ जातों.

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 सालीं मिशनची नोकरी सोडून सातारा येथें राहिले व तेथें त्यांनीं 'देवाचा दरबार' सुरू केला. दरबारांत दोन प्रकारचे लोक येतात. एक अर्ज टाकून निघून जातो. दुसरा धन्याच्या सन्निध राहून त्याचें मन ओळखावयास शिकतो. आपल्यांतील पुष्कळांची प्रार्थना पहिल्या प्रकारची असते. टिळक 1919 सालीं वारले. त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें, आणि तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. कित्येक प्रार्थनांचें उत्तर मागणाऱ्याच्या डोळ्यांदेखत येत नाहीं. तें दुसऱ्याच्या हातीं सोंपविलेलें असतें.

दुसऱ्याच्या हातीं, हे शब्द ध्यानांत ठेवावे. डॉक्टर वानलेस 1889 सालीं या देशांत आले व 1894 सालीं मिरजेस त्यांचें इस्पितळ उघडलें. ख्रिस्ती इस्पितळांत शस्त्रक्रियेपूर्वीं प्रार्थना करण्याची रीत आहे. परंतु प्रार्थना केली म्हणून हत्यारें निर्जंतुक करण्याचें कोणी सोडीत नाहीं. तसेंच 2016 च्या एप्रिलांत लातूरकर पाण्यावांचून तळमळत असतां, मिरजेहून आगगाडीच्या दहा डब्यांतून सुमारें पांच लाख लिटर पाणी त्यांजकडे पहिल्या खेपेस निघालें. लातुरांत किती जणांनीं आकाशाकडे पाहून पाणी मागितलें असेल! तें ढगांतून आलें नाहीं, रुळांवरून आलें. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंतही भाकर 'मला' नव्हे, 'आम्हांला' मागितली आहे. यास्तव जो शेजाऱ्याची पाण्याची पाळी चोरून आपल्या उसाला पाणी देतो आणि रात्रीं गुडघे टेंकून आशीर्वाद मागतो, त्यानें आधीं वेदीपाशीं आपलें अर्पण ठेवून शेजाऱ्याशीं समेट करावा.

आतां आचरणाविषयीं थोडें. पहांटे शेतावर जाण्यापूर्वीं घरच्या सर्वांनीं पांच मिनिटें तरी एकत्र बसावें. ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें एखादें वचन तोंडपाठ करावें. शब्द थोडे असावे. प्रथम उपकारस्तुति, मग पापकबुली, मग दुसऱ्यांचीं नांवें, आणि शेवटीं आपली गरज. ज्याचें नांव घेतलें त्याच्यासाठीं त्या दिवशीं हातांनीं काय करतां येईल, हें 'आमेन' म्हणण्यापूर्वीं मनांत ठरवावें. दुःखिताच्या घरीं गेल्यास मात्र बोलण्याची घाई करूं नये.

हें शेवटचें आम्ही उशिरां शिकलों. कांहीं महिन्यांनीं आम्ही त्या बहिणीकडे पुन्हां गेलों, आपली चूक कबूल केली व तिची क्षमा मागितली. तिनें घोंगडी अंथरली. पुष्कळ वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. मग तिनेंच डोळे मिटले, आणि शेजारच्या घरीं तापानें पडलेल्या पोरासाठीं प्रार्थना केली. ती संपतांच चुलीवरची पेज वाटींत ओतून घेऊन ती तिकडे गेली. आम्ही तिच्या मागोमाग गेलों.