उपयोगाचा किडा

दिवाळीत पणती लावली की तिच्याभोवती किडे जमतात. परवा धाकटी केरसुणीने ते लोटताना म्हणाली, "बाबा, देवाने हे कशाला निर्माण केले हो?"

माझ्यातला मास्तर जागा झाला. मी तिला विल्यम बेअर या अमेरिकन शल्यविशारदाची हकिकत सांगितली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, फ्रान्समध्ये त्याच्यापुढे दोन जखमी सैनिक आणले गेले. सात दिवस ते रणांगणावर पडून होते. जखमांत अळ्या वळवळत होत्या. पण अंगात ताप नव्हता, आणि अळ्या धुऊन काढताच खाली निरोगी, गुलाबी मांस दिसले. अळ्यांनी सडलेले तेवढेच खाल्ले होते! पुढे बेअरने निर्जंतुक अळ्या सोडून हाडांपर्यंत चिघळलेल्या जखमा बऱ्या केल्या. २००४ साली अमेरिकन सरकारने या उपचाराला रीतसर मान्यताही दिली.

"म्हणजे उपयोगाचे किडे तेवढे मारायचे नाहीत?" धाकटीने विचारले.

मी निरुत्तर झालो. जिवंत मांस पोखरणाऱ्या अळ्याही असतात. आमच्या बैलाच्या खांद्यात त्या पडल्या, तेव्हा वडिलांनी मारल्या. ते योग्यच होते. पण पणतीवरचा हा जीव कोणाला पोखरत नाही आणि कोणाला बरेही करीत नाही. जगण्यासाठी त्याने आमच्याकडून शिफारसपत्र का आणावे? उद्या औषध निघेल म्हणून आज जगू द्यायचे, याला दया कसे म्हणावे? तो तर उधारीचा व्यवहार झाला.

मग आम्ही दोघांनी माळ्यावरून जुन्या कंदिलाची काच शोधून काढली आणि पणतीवर ठेवली.